आजाऱ्याजवळ स्वर्गाची आशा कशी बोलावी? अनुभव धागा

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या, भेटीला जाणाऱ्या, मंडळीत शिकवणाऱ्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. देव इथे बरं करतो आणि स्वर्गात त्याचा पुरवठा आहे, या दोन गोष्टी अंथरुणाजवळ एकत्र कशा धरायच्या? साक्षी आपण उपासनेत देतोच. इथे वचन आणि पद्धत लिहा: काय म्हणावं, काय टाळावं, कुठे चुकतं.

मंडळीतले एक वडील

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला (5:14) क्रम बघा: आजाऱ्याने वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, बोलवायचं आहे, मग त्यांनी तेल लावून प्रार्थना करायची. म्हणून न विचारता पाच-सहा जणांनी खोलीत शिरू नये. आधी घरच्यांमार्फत विचारावं, दोघा-तिघांनीच जावं. तेल बोटाच्या टोकावर एक थेंब पुरतं, ते कपाळाला लावावं. जखम, पट्टी किंवा सुई असेल तिथे लावू नये. ऑक्सिजन चालू असेल तर तेलकट पदार्थ चेहऱ्याजवळ नेऊच नयेत, आग लागण्याचा धोका असतो. अशा वेळी तेल वगळावं. पुढच्याच वचनात भर विश्वासाच्या प्रार्थनेवर आहे.

आणि तो विश्वास प्रार्थना करणाऱ्यांनी आणायचा असतो. तापाने फणफणलेल्या माणसाला “तुमचा विश्वास कमी पडतोय” असं सांगणं मला क्रूरपणाच वाटतो. “काही पाप लपवलंय का?” ही उलटतपासणीही नको. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं, तेव्हा प्रभूने योहान 9:3 मध्ये ते साफ नाकारलं.

रुग्णसेवेतली बहीण

वडिलांच्या लिहिण्याला एक जोड देते. प्रार्थना झाली म्हणून औषध थांबवू नका, थांबवायला सांगूही नका. इन्सुलिन, फिटच्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने बंद केल्या तर जिवावर बेततं. हिज्कीया राजाला 15 वर्षं वाढवून मिळाल्याचं वचन आलं, तरी यशया संदेष्ट्याने फोडावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच (यशया 38). प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. बरं वाटतंय ना? मग तपासणी करा. प्रभूनेही शुद्ध केलेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे (मंदिरातल्या पुरोहिताकडे, जो हे तपासत असे) दाखवायला पाठवलं (मत्तय 8:4).

भेट 10-15 मिनिटांची. उभं राहून वरून बोलू नका. खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर बसा. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकरी आणि द्राक्षरस) देण्याआधी गिळायला त्रास आहे का, हे नर्सला विचारा. भाकरीचा कोरडा तुकडा घशात अडकतो, पातळ रस श्वासनलिकेत जाऊ शकतो. परवानगी असेल तर अगदी कणभर द्या.

शास्त्राभ्यास घेणारा

स्वर्गाबद्दल आपण फार मोघम बोलतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. यहेज्केल 47 आणि प्रकटीकरण 22 शेजारी ठेवून वाचा. यहेज्केलाच्या दर्शनात पाणी मंदिराच्या उंबऱ्याखालून निघतं. दर 1000 हातांवर मोजणी होते: घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि चौथ्या वेळी पार करता न येणारी नदी. काठच्या झाडांना दर महिन्याला फळ, आणि पानं औषधासाठी. तरीही तिथल्या दलदली खाऱ्याच राहतात (47:11). प्रकटीकरणात योहानाला तीच नदी देवाच्या आणि कोकऱ्याच्या (ख्रिस्ताच्या) राजासनापासून निघताना दिसते, आणि खारी दलदल कुठेच नाही. काही शापित राहत नाही. उत्पत्ती 3 मध्ये ज्या झाडाची वाट करूब (देवदूत) आणि तलवारीने रोखली, ते जीवनाचं झाड इथे नदीच्या दोन्ही बाजूंना आहे.

नेहमी येणारा प्रश्न: प्रकटीकरण 21:4 मध्ये मरण, शोक, रडणं, कष्ट संपले, मग पानांनी बरं कोणाला करायचं? वचन म्हणतं, राष्ट्रांना. मला ते राष्ट्राराष्ट्रांतलं वैर भरून येण्याबद्दल वाटतं. तिथे कोणाचं दुखणं उरलंय म्हणून पानं लागतात, असं नव्हे.

पुरवठ्याचंही तसंच. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, माणशी एक ओमर (धान्याचं एक माप) मिळे, सकाळपर्यंत ठेवला तर किडे पडत, फक्त शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट. रोज गोळा करावाच लागे. प्रकटीकरण 7:16-17 मध्ये भूक नाही, तहान नाही, ऊन बाधत नाही, आणि कोकराच मेंढपाळ होऊन झऱ्यांकडे नेतो. “देव पुरवील” म्हणताना यातलं कोणतं म्हणतोय, आजचा मान्ना की ते झरे, हे आपल्याला माहीत असावं.

अखेरच्या आजारात भेटी देणारी

माझा आग्रह क्रमाचा आहे. बरं होण्यासाठी प्रार्थना मागणाऱ्याला थेट “स्वर्गात सगळं ठीक होईल” म्हटलं, की त्याला आपण आशा सोडल्यासारखं ऐकू येतं. उलट, जायची तयारी झालेल्या माणसावर मोठमोठ्याने “ऊठ!” म्हणत राहिलं, तर निरोपाचं बोलणं राहून जातं. म्हणून आधी विचारा. प्रभूनेही आंधळ्याला विचारलं, “तुझ्यासाठी मी काय करावं?” (लूक 18:41).

बरं होणं लांबलं, तर पौलाच्या देहातला काटा (न हटलेला त्रास) आठवा: तीनदा विनंती, आणि उत्तर “माझी कृपा तुला पुरे”. आपला सोबती त्रफिम यालाही पौल मिलेत शहरात आजारीच ठेवून आला (2 तीमथ्य 4:20). हे वाचून दाखवलं की घरच्यांच्या मनावरचं दोषाचं ओझं बरंच उतरतं.

वाचन थोडं: स्तोत्र 23, योहान 14:1-3, किंवा प्रकटीकरण 21:1-5. एका भेटीला एकच, सावकाश. माणूस बेशुद्ध असला तरी तो ऐकतोय असं धरूनच बोला. उशाशी अंत्यविधीची चर्चा नको. ओठ कोरडे पडले तर ओला बोळा फिरवा, पाणी तोंडात ओतू नका.

शरीराबद्दल विचारलं तर 1 करिंथ 15:42-44 उघडा. पेरलं जातं नाशवंत, उठवलं जातं अविनाशी. पेरलं जातं अशक्तपणात, उठवलं जातं सामर्थ्यात. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खुणा होत्या आणि त्याने भाजलेला मासा खाल्ला. धुरासारखं तरंगणं शास्त्रात कुठेच नाही.

मंडळीतले तेच वडील

बहिणींनो, पुरवठ्याबद्दल एक राहिलं. वधस्तंभावरून प्रभूने आईची सोय लावली, आणि प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपासाठी सात जण नेमले. तसंच, रात्री सोबत कोण बसणार, डबा कोण नेणार, मुलांना कोण बघणार, हे नावानिशी आणि वारांनुसार कागदावर लिहा. “काही लागलं तर सांगा” म्हटलं की संकोचाने कोणी सांगत नाही. माणूस गेल्यावर महिन्याभरात हे वाटप थांबतं, आणि कागदपत्रं, फी, भाडं नेमकं तेव्हाच अंगावर येतं. म्हणून यादी निदान सहा महिन्यांची करा.