सल्ला हवा: जिओडेसिकवरून मिनिमल सरफेसकडे कसं जावं?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारसाठी मिनिमल सरफेस (साबणाच्या पापुद्र्यासारखी पृष्ठं) घेतलेत. 'जिओडेसिकचंच (वक्र पृष्ठावरच्या 'सरळ' रेषेचंच) वरच्या मितीतलं रूप' असं वाचतो, पण तिकडे कमीत कमी लांबी आणि इकडे कमीत कमी क्षेत्रफळ, यापुढे गाडी सरकत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
'कमीत कमी' हे शब्द आधी बाजूला ठेवा, गोंधळ तिथेच आहे. गोल डब्यावर दोन खुणा करा आणि दोरा एक जादा वेढा देऊन ताणा. थेट गेलेला दोरा आखूड असतो, तरी हा वेढाही जिओडेसिकच. अट एवढीच, की टोकं धरून मधला भाग किंचित हलवला तर लांबीतला पहिल्या घाताचा बदल शून्य यावा. आता लांबीऐवजी क्षेत्रफळ घ्या आणि टोकांऐवजी कडा. सरासरी वक्रता (दोन काटकोनी दिशांतल्या वाकांची सरासरी) सगळीकडे शून्य, हे त्यातूनच निघतं.

मग कॅटेनॉइडचं गणित स्वतः करा, आणि हातानेही. 6 सेंमी व्यासाच्या दोन धातूच्या बांगड्या साबणाच्या पाण्यात एकत्र बुडवून हळू दूर न्या. मध्ये आडवा पडदा राहिला तर कोरड्या बोटाने फोडा. कंबर आवळलेला जो पापुद्रा उरतो, तो कॅटेनॉइड. अंतर साधारण 3.2 सेंमीच्या पुढे गेलं की दोन सपाट चकत्यांचं क्षेत्रफळ त्याच्याहून कमी भरतं, तरी पापुद्रा टिकतो: हाच तुमचा वेढ्याचा दोरा! 4 सेंमीच्या आसपास मात्र कॅटेनॉइडच उरत नाही, झटकन दोन चकत्या होतात. तोवर समीकरणाला आणखी एक, बारीक कमरेचं उत्तर असतं. ते अस्थिर, म्हणून साबणात दिसत नाही. गोलावर लांबच्या बाजूने जाणारा महावर्तुळाचा (गोलाच्या केंद्राभोवतीच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा) कंस तसाच.

प्रतिसाद २:
सहमत. एक फरक मात्र सेमिनारमध्ये नक्की सांगा. बिंदू आणि दिशा दिली की जिओडेसिक ठरतो, साधं (एकाच चलाचं) विकलक समीकरण आहे. पृष्ठाला आंशिक (अनेक चलांचं) विकलक समीकरण लागतं, म्हणून दिलेल्या कडेवर पृष्ठ असतं का हाच मोठा प्रश्न. तो लाग्रांजच्या काळापासूनचा, 1930च्या सुमारास डग्लस आणि राडो या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे सोडवला. 1936 साली पहिली फील्ड्स पदकं (गणितातला मोठा सन्मान) दिली, त्यात डग्लस होते.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. बांगड्यांचा प्रयोग केला, पापुद्रा 3.7 सेंमीला तुटला.

प्रतिसाद १:
हात हलला असेल. एक बांगडी स्टँडला बांधा, दुसरीच सरकवा.