मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरचं एन्क्रिप्टेड लिनक्स जुन्या कॉम्प्युटरवर उघडंना

नमस्कार मंडळी. मी परभणीकडचा, जिंतूर-सेलू भागातल्या बचत गटांचे हिशोब लिहितो. दरवेळी एसटीत लॅपटॉप सांभाळत जाणं होत नाही म्हणून 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर डेबियन 12 (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय, लाइव्ह नाही, पूर्ण इन्स्टॉल. त्यात बायांचे आधार, पासबुकाचे फोटो, सह्या सगळं असतंय, कुठं पडला तर पंचाईत, म्हणून रूट पार्टिशन (सिस्टिम अन् फायलींचा भाग) लक्सनं, म्हणजे लिनक्सच्या डिस्क-लॉकनं, लॉक केलंय, फक्त बूट पार्टिशन (चालू करण्यापुरता भाग) उघडं. ग्रब, म्हणजे लिनक्स चालू करून देणारा प्रोग्राम, जुन्या बायोसच्या कॉम्प्युटरसाठी बी टाकलाय आणि नव्या यूईएफआयवाल्यासाठी बी.

माझ्या 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर झकास चालतंय. पण एका गावातला कॉम्प्युटर लैच जुना, रॅम 1 जीबी. तिथं ग्रबचा मेनू येतो, पासवर्ड विचारतंय, टाकला की जरा थांबून कीस्लॉट (किल्लीची पेटी) उघडायला मेमरी पुरत नाही अशा अर्थाची ओळ येते अन् परत पासवर्ड मागतंय. पासवर्ड चुकला असं म्हणत नाही, हे बघा. नुसत्या पासवर्डला एवढी मेमरी काहून लागावी? गटाच्या अध्यक्षबाई म्हणतात वही काढा अन् लिहा, कशाला ह्या भानगडी. फॉरमॅट न मारता काही होईल का?

काळीमाती: एवढं कशाला करता भाऊ, फॉरमॅट मारा, साधं लिनक्स टाका आणि व्हेराक्रिप्टमध्ये कामाचं फोल्डर तेवढं लॉक करा.

रात्रपाळी: फोल्डर लॉक करून भागत नाही. टेम्प फायली, फोटोंचे थंबनेल, ब्राउझरची कॅश हे सगळं बाहेर उघडंच राहतं. तुमचं पूर्ण लॉकच बरोबर आहे.

मेमरीचं असंय की लक्स 2 पासवर्डवरून किल्ली काढताना अर्गॉन2आयडी नावाची पद्धत वापरतं आणि ते मुद्दाम रॅम खातं, म्हणजे चोरट्याला एका वेळी हजारो पासवर्ड घासून बघणं महाग पडावं. किती खायची ते पासवर्ड सेट केला त्या मशीनवर ठरतं, जास्तीत जास्त 1 जीबी. तुमचं ठरलं 8 जीबीच्या लॅपटॉपवर, मग त्या डबड्यात कुठून येणार? क्रिप्टसेटअप ह्या लक्सच्या टूलची लक्सडंप कमांड चालवा, कीस्लॉटखाली मेमरी 1048576 दिसंल, ते केबीत आहे.

फॉरमॅटची गरज नाही. डेटा ज्या मुख्य किल्लीनं लॉक आहे ती वेगळी, पासवर्ड फक्त ती किल्ली ठेवलेली पेटी, म्हणजे कीस्लॉट, उघडतो. पेटीच बदलायची. आधी लक्सहेडरबॅकअप कमांडनं हेडरची (ह्या पेट्या ठेवलेला भाग) कॉपी घ्या, फाइल त्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका, हेडर गेलं तर पासवर्ड पाठ असून डेटा गेला. मग लॅपटॉपवरूनच लक्सकन्व्हर्टकी कमांड चालवा, तिला पीबीकेडीएफ-मेमरी (किल्ली काढायला लागणारी रॅम) 131072 द्या, म्हणजे 128 एमबी. पार्टिशनचं नाव एलएसबीएलके ह्या डिस्कांची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये दोनदा बघा.

काळीमाती: मग लॉक कच्चं नाही का होणार?

रात्रपाळी: थोडं होतं, म्हणून पासवर्ड लांब करा, एकमेकाशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द. गावाचं नाव अन् जन्मसाल असला पासवर्ड असंल तर 1 जीबी ठेवून बी काही उपयोग नाही.

धागाकर्ता: लक्सडंपमध्ये 1048576 च निघालं राव. लाइट आहे तोवर बॅकअप घेऊन करायलोय. अजून एक, नव्या लॅपटॉपवर लावायचं तर सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम चालू न होऊ देणारी सोय) बंद करावं लागंल का? एका सरांचा लॅपटॉप आहे, विंडोजवाला.

रात्रपाळी: अजिबात बंद करू नका. डेबियन 10 पासून सिक्युअर बूट चालू ठेवून बी बूट होतं. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ते बंद केलं अन् तिथं बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-लॉक) असलं तर विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागत बसंल, ती सरांकडं असंलच असं नाही. बूट मेनूच्या बटणानं तेवढ्यापुरती पेनड्राइव्ह निवडा, तरी सरांना की कुठंय ते आधीच विचारून घ्या. आणि 1 जीबीवाल्यावर झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा करणारी सोय) टाका, नाहीतर उघडलं तरी फायरफॉक्स चालू करताच हँग होईल.