मतदार यादीतून पक्षांना नेमकं काय कळतं?

प्रश्न: प्रचाराला आलेल्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवर घरातली सगळी नावं, वयं, मतदान केंद्र दिसतं. मेसेजही नावानिशी येतात. यादीत मोबाइल नंबर असतो का? मागच्या वेळी कोणाला मत दिलं, हेही कळतं का?

बूथवाला: नंबर नसतो. भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, ओळखपत्र क्रमांक, बस्स. मान्यताप्राप्त पक्षांना आयोग यादी मोफत देतो: छापील प्रत फोटोसह, सॉफ्ट कॉपी फोटोविना. पण पीडीएफ चित्ररूप, शोध चालत नाही. शोधता येणारी यादी मिळावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमान्य केली. मग ओसीआर करतात, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेतात, आणि जोडाक्षरं फुटतात. म्हात्रेंचे 'म्हाने' होतात. पक्षाचं ॲप कुटुंबं घर क्रमांकावरून जुळवतं. तो रकाना रिकामा असला की अख्खी गल्ली एकाच घरात!

गठ्ठा_नंबर_७: नंबर येतात मिस्ड कॉल, सदस्य नोंदणी, शिबिरांचे फॉर्म, विकत घेतलेल्या याद्या यांतून. नाव आणि वयावरून जोडतात, म्हणून एकाच नावाचे दोघे असले की मेसेज भलत्यालाच. आडनावावरून जात ठरवणं तर निव्वळ अंदाजपंचे: जाधव, पवार, गायकवाड कितीतरी जातींत आहेत. त्यापेक्षा घरोघरी फिरून केलेली 'आपला, विरोधी, कुंपणावरचा' ही खूण बरी. तीही फुगते, कारण वर कामगिरी दाखवायची असते.

फॉर्म_वीस: तुमचं मत कळत नाही. फॉर्म २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, कोणाला किती मतं याचे केंद्रनिहाय आकडे मिळतात. मात्र केंद्र एकाच वस्तीचं असेल तर त्या वस्तीचा कल उघडा पडतो. त्यावर आयोगाने टोटलायझर सुचवला होता, म्हणजे अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजायची. तो लागू झाला नाही. कोण येऊन गेलं हे मात्र मतदान प्रतिनिधीला समोरच दिसतं.

बूथवाला: महापालिकेला आणखी एक घोळ. विधानसभेची यादी फोडून प्रभागाची होते, अनुक्रमांक बदलतात. ॲपमध्ये जुनी यादी राहिली की पक्ष वाटतो त्या मतदार चिठ्ठीवर चुकीचा क्रमांक छापला जातो आणि मतदार केंद्रावर नाव शोधत बसतो. चिठ्ठी कोऱ्या पांढऱ्या कागदावरच हवी. पक्षाचं नाव किंवा चिन्ह छापलं की आचारसंहितेचा भंग.