कथेतला सावत्र बाप नेहमी दुष्टच का?

धुऱ्यावरचा वाचक: गावच्या वाचनालयातले कथासंग्रह आणि दिवाळी अंक वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, आणि एक गोष्ट मला सतत खटकते. विधवेचा पाट लागला, की पुढच्या चार पानांत तिचा दुसरा नवरा दारू पिऊन येतो आणि पहिल्या घरच्या पोराला बडवतो; जणू त्या माणसाला शेतात दुसरे काही कामच नसते. हा लेखकांचा आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'सावत्र' हा शब्दच मुळी सवतीच्या नात्यातला. त्यात आईला जागा आहे, बापाला तो उसना दिलेला. महाभारतातही सत्यवतीचा लग्नाआधीचा मुलगा व्यास हा नात्याने शंतनूचा सावत्र मुलगा, पण ती त्याच्याविषयी तोंड उघडते ते शंतनू वारल्यानंतर, भीष्मापाशी.

आमच्या शेजारी असाच एक बाप होता. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात तो सागाच्या तुकड्यातून पोरासाठी नंदी कोरत बसला होता. शिंगे दोनदा मोडली, तरी उठला नाही. असा माणूस कथेत का येत नाही?

कपाशीची ओळ: मी असहमत आहे. आपण ज्याला आळस म्हणता, ती भीती आहे. बारा वर्षांची मुलगी घेऊन जी बाई दुसऱ्या घरात जाते, ती पहिल्या रात्री आतल्या खोलीच्या दाराला कडी आहे की नाही, हे पाहते. त्या कडीबद्दल लिहिणाऱ्याला आळशी कसे म्हणायचे? अशा घरातल्या मुलीला आपल्यावर काय गुदरले, ते सांगायला शब्द सापडतात ते कित्येकदा अशाच कथेत. आपला नंदी गोड आहे खरा, पण तो प्रसंग झाला, कथा नव्हे.

सातबारा: आपण दोघेही माणसाच्या स्वभावावर बोलत आहात, आणि शेत तसेच राहून गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार सावत्र मुलगा हा सावत्र बापाचा वारस नसतो. मृत्युपत्राने दिले, तर त्याला मिळते. उलट मेलेल्या बापाच्या जमिनीवर त्याचा हक्क कायम असतो, आणि सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' अशी नोंद लागते. म्हणजे अज्ञान, वयात न आलेल्या पोराची पालनकर्ती आई, आणि ज्या शेतावर आपले नाव कधीच चढणार नाही ते वखरणारा, डवरणारा दुसरा नवरा. चुलते धुऱ्यावर उभे राहून पाहत असतात, ते वेगळेच. हा माणूस चांगला की वाईट, हे तूर निघेपर्यंत त्यालाही ठाऊक नसते. मला ती कथा वाचायची आहे.

धुऱ्यावरचा वाचक: कडीचा मुद्दा मला मान्य आहे, 'आळस' हा शब्द मी मागे घेतो, निदान त्या कथांपुरता. मात्र नंदी गोड होता, हे मान्य नाही, कारण मी अर्धेच सांगितले होते. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारापाशी पोरे जमली, तेव्हा कुणीतरी विचारले, नंदी कुणी केला? पोरगा म्हणाला, "मामानं धाडला." बाप दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तो काही बोलला नाही. खाली वाकून त्याने नंदीच्या चाकात अडकलेली दोरी सोडवली आणि पोराच्या हातात दिली.