डक्सफर्डला स्पिटफायर बघायला जायचंय: बसायचं कुठे, शटर किती, ओळखायची कशी?

लोहगावकर:
नमस्कार मंडळी. येत्या जुलैत केंब्रिजला मुलीकडे मुक्काम आहे. त्यात डक्सफर्डच्या विमान संग्रहालयाचा एक एअर शो नक्की, आणि जमलं तर ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ या जुन्या विमानांच्या संग्रहाचाही एक. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडताना बघायची हा मुख्य हेतू, फोटो त्यानंतर. कॅमेरा निकॉन डी७५००, लेन्स २००-५०० मिमी. आजवर पक्ष्यांचेच फोटो काढलेत, म्हणजे शटर कायम १/२००० सेकंदाच्या आसपास. विमानांनाही तेच चालेल का? डक्सफर्डला कुठल्या टोकाला बसावं? आकाशात स्पिटफायर, हरिकेन, मस्टँग, मेसरश्मिट वेगळी कशी ओळखायची? शिवाय जाण्याआधी इथे पुण्यात सराव कसा करता येईल, तेही सांगा.

टेलव्हील:
जागेचं आधी सांगतो, कारण ती चुकली की दिवसभर सूर्य डोळ्यांत. डक्सफर्डचा रनवे ०६/२४ आहे, म्हणजे पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य. प्रेक्षक रनवेच्या उत्तरेला असतात, त्यामुळे तोंड दक्षिण-आग्नेयेला. तिकडे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात एक वाजता, आणि उड्डाणं असतात दुपारची. पहिले दोन तास प्रकाश समोरून येतो आणि विमानाचं पोट काळं दिसतं. चारनंतर सूर्य उजवीकडे सरकतो, मग मात्र फार सुंदर प्रकाश मिळतो. म्हणून पश्चिमेचं टोक धरा, लँड वॉरफेअर हॉलच्या बाजूचं. तिथून पूर्वेकडे बघितलं की दुपारचा सूर्य बाजूला किंवा पाठीशी राहतो.

वारा बहुधा नैऋत्येचा असतो. तसा असेल तर विमानं पूर्वेच्या, एम११ महामार्गाच्या टोकाकडून धावत येतात आणि तुमच्यासमोर पोहोचेपर्यंत हवेत असतात, चाकं आत जाताना दिसतात. स्पिटफायरचे दोन पाय क्वचितच एकदम आत जातात, एक आधी आणि दुसरा मागून. तो क्षण बघण्यासारखा असतो. वारा ईशान्येचा असेल तर सगळं उलटं होतं. त्या दिवशी पश्चिम टोकाला उतरणारी विमानं जवळून मिळतात. तेव्हा सकाळी गेल्यावर आधी वाऱ्याची पिशवी बघायची, मग चटई पसरायची.

उतरताना नजर रनवेवर रोखून बसू नका. शेपटीखाली चाक असलेल्या या विमानांची नाकं इतकी लांब की सरळ आत येताना वैमानिकाला समोरचं दिसतच नाही. म्हणून तो शेवटपर्यंत वळत वळत येतो. त्या वळणात लंबवर्तुळाकार पंख वरून पूर्ण दिसतात. जमिनीवर ती नागमोडी चालवतात तीही त्याच कारणाने.

सुरू होण्याचा क्रम लक्षात ठेवा. स्पिटफायरचे रेडिएटर पंखाखाली असतात. जमिनीवर त्यांतून पुरेशी हवा जात नाही, त्यात चाकाचा पाय उघडा असला की तो रेडिएटरच्या वाटेत येतो. त्यामुळे शीतकाचं तापमान भराभर चढतं. म्हणून एकत्र उड्डाण असेल तर तारका इंजिनवाली (सिलिंडर गोलाकार मांडलेली, हवेने थंड होणारी) विमानं आधी सुरू होतात, स्पिटफायर सर्वांत शेवटी, आणि ती थेट रनवेवर जातात. इंजिनं सुरू व्हायला लागली की चहाच्या रांगेत जाऊ नका.

सकाळी फ्लाइट लाइन वॉकचं वेगळं तिकीट मिळतं, ते घ्याच. विमानांना हातभर अंतरावरून बघता येतं, आणि उड्डाणांआधी तो भाग बंद होतो. शोची तिकिटं आधीच काढून ठेवा. लंडनहून यायचं झालं तर लिव्हरपूल स्ट्रीटवरून व्हिटल्सफर्ड पार्कवे. केंब्रिजहून तर तेच स्टेशन अगदी जवळ. पुढे साधारण तीन किलोमीटर. जुलै असला तरी मोकळ्या माळावर वारा बोचतो, विंडचीटर हवाच.

पर्वतीची घार:
शटरचं. १/२००० विसरा. त्या वेगाला पंखा (प्रॉपेलर) गोठतो आणि उडणारं विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. कारण हिशोबात आहे.

मार्क ९ (नवव्या आवृत्तीच्या) स्पिटफायरचं मर्लिन इंजिन प्रदर्शनात साधारण २४०० फेऱ्यांवर असतं. मध्ये गिअर आहे ०.४७७ चा, म्हणजे प्रॉपेलर मिनिटाला ११४५, सेकंदाला १९ फेरे. १/१००० ला पातं जेमतेम ७ अंश सरकतं, १/२५० ला २७ अंश, १/१२५ ला ५५ अंश. पाती चार, दोन पात्यांमध्ये ९० अंश. म्हणजे फिरत्या पात्यांची पूर्ण तबकडी फोटोत हवी असेल तर १/७६ पेक्षा हळू जावं लागेल. १/१२५ ला अर्ध्याहून जास्त तबकडी भरते आणि विमान जिवंत दिसतं. मार्क ५ ला तीनच पाती, तिथे तितकीच तबकडी भरायची तर आणखी हळू जावं लागतं.

आता दुसरी बाजू. २५० मैल वेगाने जाणारं विमान सेकंदाला ११२ मीटर कापतं. १/१२५ सेकंदात ९० सेंटीमीटर. कॅमेरा त्याच्याबरोबर अचूक फिरला नाही तर सगळंच पुसट. म्हणून सुरुवात १/३२० ने करा, हात बसला की १/२००, मग १/१२५. १/१२५ ला दहातले आठ फोटो वाया गेले तरी घाबरू नका, उरलेले दोन ठेवण्याजोगे असतात. जेटला मात्र १/१२५० च्या वर, तिथे दाखवायला पंखा नाही. आयत्या वेळी सेटिंग शोधत बसायला नको म्हणून डी७५०० च्या यू१ आणि यू२ मध्ये दोन्ही साठवून ठेवा.

लेन्स पुरेल का? २०० मीटरवर ४०० ला तुमच्या सेन्सरमध्ये पावणेबारा मीटर रुंदी मावते. स्पिटफायर नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे ९.१ मीटर. म्हणजे चौकटीचा तीन चतुर्थांश भाग भरतो. ५०० ला टोकं कापली जायला लागतात, तेव्हा सरसकट ५०० वर बसू नका.

व्हीआर (हाताची थरथर कमी करणारी सोय) स्पोर्टवर. फोकस एएफ-सी (सतत पाठलाग करणारा) आणि ग्रुप एरिया. फोकस मागच्या एई-एल बटणावर घ्या, म्हणजे शटर दाबताना लेन्स कोऱ्या आकाशात भटकत नाही. करड्या ढगांवर एक्स्पोजर +०.७ ते +१, नाहीतर विमानाचं पोट काळं ठिक्कर येतं. निळ्या आकाशात +०.३ पुष्कळ. विमान ढगावरून निळ्यात जाऊन परत ढगावर येत असेल तर मॅन्युअलच बरं.

लोहगावकर:
हे सोन्यासारखं आहे, घारताई. एक शंका: कडक उन्हात १/१२५ ठेवलं तर आयएसओ १०० ला छिद्र एफ/१६ पर्यंत जातं. चालेल?

पर्वतीची घार:
चालेल, पण दोन त्रास आहेत. एफ/१६ ला धार मऊ पडते, आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण निळ्या आकाशात राखाडी ठिपका होऊन दिसतो. पक्ष्यांना एफ/५.६ ला तो कधी दिसलाच नसेल. निघण्याआधी सेन्सर साफ करून घ्या आणि ९५ मिमीचा दोन स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर ठेवा. तुमच्या लेन्सला तोच आकार बसतो, आणि तो लावला की एफ/८ ला येता. फिल्टर स्वस्तातला नको, लांब लेन्सवर खराब काच लगेच उघडी पडते.

आणि दुपारी रनवेवरून वाफा उठतात. लांबच्या जमिनीवरच्या विमानाचा फोटो कितीही महागडी लेन्स असली तरी वितळल्यासारखाच येणार. ते फोटो सकाळी काढा.

मर्लिन२७:
ओळखायचं माझ्याकडे. पंखाचा आकार सगळे सांगतात, पण बाजूने जाताना तो दिसत नाही. खालून बघायची सवय लावा.

हरिकेनचा रेडिएटर पोटाच्या मधोमध असतो. पंख जाड आणि पाठीला कुबड. मागचं अर्धं धड कापडाने मढवलेलं असतं, सकाळी जवळून बघाल तेव्हा त्याखालच्या लाकडी पट्ट्यांच्या रेषा दिसतील. स्पिटफायर मार्क ५ ला उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर आणि डावीकडे तेल थंड करणारी बारीक नळी, म्हणजे दोन बाजू असमान. मार्क ९ ला दोन्हीकडे सारख्या पेट्या. मस्टँगचं हवेचं तोंड वैमानिकाच्या मागे पोटाखाली, पंखांची टोकं चौकोनी.

मेसरश्मिटच्या बाबतीत नीट बघा. एअर शोमध्ये १०९ म्हणून दिसणारी बरीच विमानं स्पेनमध्ये बांधलेली बुचोन असतात, आणि त्यांत इंजिन मर्लिनच आहे. खूण एक्झॉस्टची. जर्मन डायमलर-बेंझ इंजिन उलटं बसवलेलं, त्यामुळे धुराडी नाकाच्या खालच्या अंगाला असतात आणि पाती तीन. बुचोनची धुराडी वर, हनुवटी फुगीर आणि पाती चार. आवाजावरून तर डोळे मिटूनही कळतं.

आवाजाकडे खरंच लक्ष द्या, निम्मा आनंद त्यात आहे. मर्लिन २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं. सुरू होताना आधी एखाद-दुसरं सिलिंडर पेटतं, धुराड्यांतून पांढरा धूर आणि कधी ज्वाळा येते, मग बाकीची एकेक करून सामील होतात. नंतरच्या स्पिटफायरांना, मार्क १४ वगैरे, ग्रिफन आहे: ३६.७ लिटर, कमाल फेरे कमी (मर्लिनचे ३०००, याचे २७५०), म्हणून आवाज खर्जातला. ग्रिफन उलट्या दिशेने फिरतं. मर्लिनवाली विमानं उड्डाणाच्या वेळी डावीकडे ओढतात, ग्रिफनवाली उजवीकडे. रडरकडे बघितलंत तर वैमानिक कुठल्या पायावर जोर देतोय ते कळेल. मस्टँग वेगात खाली आलं की शिट्टी वाजते, ती मशीनगनच्या उघड्या भोकांवरून जाणाऱ्या हवेची.

थंडरबोल्टसारखं तारका इंजिन असेल तर सुरू करण्याआधी माणसं प्रॉपेलर हाताने फिरवताना दिसतील. खालच्या सिलिंडरांत रात्रभर तेल झिरपून साचतं. तसंच सुरू केलं तर दट्ट्या त्या तेलावर आपटून त्याचा दांडा वाकतो. मग सुरू होताना जो निळसर धुराचा लोट येतो, तो त्याच उरलेल्या तेलाचा. बिघाड नव्हे.

आणि ही विमानं युद्धातल्या ताकदीने उडवत नाहीत. तेव्हा मर्लिनला +१८ पौंड बूस्टपर्यंत (इंजिनात हवा कोंबण्याचा दाब) दाबायचे, आता १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणि मोजके उरलेले सुटे भाग, म्हणून पुष्कळ कमी बूस्टवर समाधान. कसरतीही अशा आखतात की वैमानिक सीटवर दाबलेलाच राहील. सुरुवातीच्या मर्लिनमध्ये कार्ब्युरेटरला तरंगता गोळा होता, नाक एकदम खाली घातलं की पेट्रोल तुटून इंजिन आचके द्यायचं. म्हणून लढाईतसुद्धा आधी उलटं व्हायचं आणि मग सूर मारायचा.

टेलव्हील:
मर्लिन२७ यांच्या मार्क १४ ला जोड. डक्सफर्डच्या फायटर कलेक्शन या लढाऊ विमानांच्या संग्रहातलं एमव्ही२९३ हे मार्क १४ आपल्या वायुदलाकडे होतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतातून जी स्पिटफायर इंग्लंडला गेली त्यांतलं ते एक. अंगावर एमव्ही२६८ आणि जेई-जे अशी अक्षरं दिसतील, तो रंग दुसऱ्या विमानाचा आहे. ते फ्लाइट लाइनवर असेल तर आधी तिकडे जा.

ओल्ड वॉर्डनला जमवाच. मैदान लहान, गवताचं, आणि प्रदर्शनाची रेषा प्रेक्षकांभोवती वळलेली. विमान वळताना पंख तुमच्याकडे कलतो आणि अख्खी पाठ दिसते. तिथलं एआर५०१ स्पिटफायर आणि झेड७०१५ सी हरिकेन यांच्यासाठी १/१६० तयार ठेवा. वारा पडला तर संध्याकाळी १९१० च्या सुमाराची विमानंसुद्धा बाहेर काढतात.

एकाच विमानाच्या भरवशावर तारीख ठरवू नका. स्पिटफायरच्या चाकांमधलं अंतर जेमतेम पावणेदोन मीटर, आडवा वारा वाढला की ते जमिनीवरच राहतं. बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट या ब्रिटिश वायुदलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीची विमानं लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीहून येतात आणि एका दिवसात अनेक ठिकाणी जातात. डक्सफर्डला ऊन असलं तरी तिकडे ढग खाली असले तर ती येत नाहीत.

पर्वतीची घार:
पुण्यातला सराव. ११२ मीटर सेकंदाला आणि अंतर २०० मीटर, म्हणजे कॅमेरा सेकंदाला ३२ अंश फिरतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी दुचाकी ३० मीटरवरून बघितली तर कोन नेमका तेवढाच पडतो. बायपासच्या सर्व्हिस रोडपासून सुरक्षित मागे, रस्ता स्वच्छ दिसेल अशी जागा बघा. रविवारी सकाळी तासभर १/१२५ वर दुचाकीस्वाराच्या हेल्मेटवर फोकस धरायचा. पाय खांद्याएवढे फाकवून, पावलं जिथे फोटो संपणार त्या दिशेला, आणि कंबर फिरवायची, हात नाही. शटर दाबल्यावरही फिरणं थांबवू नका, बहुतेक फोटो तिथेच बिघडतात. नंतर तळजाईवर घारींवर तेच करा, त्या वरखाली होतात म्हणून जास्त कठीण.

लोहगावच्या कुंपणाशी मात्र कॅमेरा काढू नका. तो वायुदलाचा तळ आहे, तिथे छायाचित्रणाला बंदी आहे.

मर्लिन२७:
भारतात उडणारं काय, हेही कोणीतरी विचारणारच. वायुदलाच्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये टायगर मॉथ, हार्वर्ड आणि व्हीपी९०५ डाकोटा आहेत, लढाऊ त्यांत नाही. बंगळूरच्या एअरो इंडियात मुख्यतः जेट. जमिनीवर बघायची असतील तर दिल्लीत पालमचं वायुदल संग्रहालय: स्पिटफायर, टेम्पेस्ट आणि हरिकेन एपी८३२. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांची पहिली स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. जुलैच्या आधी दिल्लीला जाणं झालं तर तिथे दोन तास काढा. हरिकेन आणि स्पिटफायर दोन्हींच्या पोटाखाली वाकून रेडिएटर कुठे आहे ते बघून घ्या, डक्सफर्डला मान वर केल्यावर लगेच ओळख पटेल.

आणि लोहगावकर, रेडिओ स्कॅनर घेऊन जायचा विचार असेल तर सोडा. तिथे पुष्कळांच्या हातात दिसेल, पण ब्रिटनच्या कायद्याने विमानांचं आणि टॉवरचं बोलणं ऐकायला सामान्य माणसाला परवानगी नाही. मैदानावरचा निवेदक पुढचं विमान कुठल्या बाजूने येतंय ते सांगतो, कान त्याच्याकडे ठेवा.