मदत हवी आहे: डोंगर-जंगलातल्या भटकंतीसाठी वॉकी-टॉकी कोणते घ्यावेत? (बोलणं गटातच राहायला हवं)

नमस्कार मंडळी,

आमचा चौदा जणांचा गट दर महिन्याला डोंगरात पायी भटकायला जातो. सगळ्यात लहान मुलगी ९ वर्षांची, सगळ्यात ज्येष्ठ काका ७१ वर्षांचे. सगळे एका चालीने चालत नाहीत, त्यामुळे तीन तुकड्या होतात: पुढे लीड, मधे मुलं आणि ज्येष्ठ, शेवटी बॅकलीड. मोबाइलला नेटवर्क नसतं, म्हणून गेल्या वेळी तीन साधे वॉकी-टॉकी उसने आणले आणि कसलीही सेटिंग न बदलता चॅनेल ३ वर लावले.

मी पुढे होतो. मागच्या दोघांच्या सेटवर आवाज आला, "पुढे येऊ नका, मागे फिरा." खरखर एवढी होती की आवाज कुणाचा ते ओळखू येईना. त्यांना वाटलं मीच बोललो, आणि ते वळले. प्रत्यक्षात ते दुसऱ्याच कुठल्या गटाचं बोलणं होतं. मी हाका मारत होतो, पण मधे डोंगराची सोंड आली होती, माझं काही पोचत नव्हतं. दीड तासाने भेट झाली. दोघंही सुखरूप होते, पण ते दीड तास मी विसरू शकत नाही.

आता स्वतःचे चार सेट घ्यायचे आहेत. खोक्यावर १२१ 'प्रायव्हसी कोड' असं लिहिलेलं असतं. ते लावले की आमचं बोलणं बाहेरच्यांना ऐकू जात नाही का? आम्ही मुलांची नावं घेतो, कोण कुठे थांबलंय ते सांगतो, ते अनोळखी कानांवर पडू नये असं फार वाटतं. दुसरं, १० किमी रेंज लिहिलेला सेट सोंडेआड ६०० मीटरवर गप्प का झाला? जास्त ताकदीचा घेतला तर फरक पडेल का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

आधी त्या कोडबद्दल, कारण त्या नावाने भले भले फसतात. १२१ म्हणजे ३८ अ‍ॅनालॉग टोन आणि ८३ डिजिटल कोड. टोन लावला की तुमच्या बोलण्याखाली एक बारीक गुणगुण जाते, ६७ ते २५० हर्ट्झच्या आसपासची. तुमच्या गटाचा सेट ती ओळखतो आणि तेव्हाच स्पीकर उघडतो. म्हणजे इतरांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच. तुमचं बोलणं मात्र उघडंच असतं. त्याच चॅनेलवर ज्याने टोन लावलेला नाही, त्याला तुमचा शब्द न् शब्द ऐकू जातो.

तुमचा "मागे फिरा"चा प्रसंग टोनने जवळजवळ नक्की टळला असता. पण मुलांच्या नावांची काळजी त्याने मिटत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. टोन लावल्यावर चॅनेल शांत वाटतं, पण तिथे दुसरं कुणी बोलत असू शकतं. दोघं एकदम बोलले तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबून टाकतो. बोलण्याआधी मॉनिटरचं बटण दाबून कानोसा घ्या. बाहेरचं कुणी मदतीसाठी हाक देत असेल तर तीही त्याच बटणाने ऐकू येईल.

प्रतिसाद २

रेंजविषयी. माणसाच्या हातातला सेट जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. तिथून रेडिओचं क्षितिज जेमतेम ५ किमी. समोरच्याचंही तेवढंच, म्हणजे दोघांचं मिळून १०. खोक्यावरचा आकडा मधे झाडही नसलेल्या सपाट जागेचा समजा. दाट जंगलात एक-दोन किलोमीटर मिळाले तरी खूप, आणि दगडी सोंड मधे आली की ६०० मीटरही अवघड.

ताकदीचा उपयोग वाटतो त्यापेक्षा कमी. अर्ध्या वॅटचे दोन वॅट केले, म्हणजे चौपट, तरी मोकळ्या जागेत अंतर फार तर दुप्पट होतं. सोंड ती सोंडच राहते. त्यापेक्षा मधल्या तुकडीने खिंडीत किंवा धारेवर थांबून निरोप पुढे पोचवावा. सेट कमरेला अडकवून बोलू नका, शरीर सिग्नल खातं. तोंडापाशी, अँटेना उभी.

वारंवारता तुम्ही फारशी निवडू शकत नाही. परवान्याशिवाय वापरायचे सेट युरोपात ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या वॅटचे असतात, अमेरिकेत ४६२ आणि ४६७ च्या आसपास. बाकी ठिकाणी आपापल्या देशाचा नियम आधी वाचा, दुसऱ्या देशातला सेट आणून वापरू नका.

प्रतिसाद ३

खरी गुप्तता हवी असेल तर एन्क्रिप्शन (बोलणं सांकेतिक करायची सोय) असलेला डिजिटल सेट लागतो. नुसता डिजिटल पुरत नाही, तशाच दुसऱ्या डिजिटल सेटवर ते बोलणं ऐकता येतं. सगळ्या सेटमध्ये एकच 'की', म्हणजे ते सांकेतिक बोलणं उलगडणारी किल्ली, भरावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी असे सेट परवान्याखाली येतात. हौशी रेडिओच्या पट्ट्यांत तर बोलणं सांकेतिक करायला सहसा मनाईच असते. शिवाय रेंजच्या टोकाला अ‍ॅनालॉगवर खरखरीतूनही "थांबा" कळतं, डिजिटल आवाज मात्र एकदम तुटतो. लहान मुलं बरोबर असताना मी साधा, टोन असलेला सेट घेईन आणि नावांऐवजी 'पुढे', 'मधे', 'मागे' एवढंच बोलेन. पाण्यासाठी आयपी६७ बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो.

बटण दाबून एक श्वास थांबा, मग बोला. टोन ओळखायला सेटला क्षणभर लागतो आणि पहिला शब्द गिळला जातो. "येऊ नका"मधला "येऊ" गेला तर ऐकणाऱ्याने काय समजावं?

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. माझ्या डोक्यात दोन गोष्टींची गल्लत होती हे आता कळलं: दुसऱ्याचं ऐकू न येणं वेगळं आणि आपलं कुणाला ऐकू न जाणं वेगळं. पहिली टोनने साधते, दुसरी आम्ही काय बोलतो यावर सांभाळावी लागेल. चारही सेट एकाच मॉडेलचे, टोन असलेले घेतोय. प्रत्येक निरोपाआधी तुकडीचं नाव, आणि ऐकणाऱ्याने निरोप परत बोलून दाखवल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हेही ठरवलं.

एकच राहिलं. आमच्या काकांना बारीक बटणं दिसत नाहीत आणि चुकून चॅनेल बदलतं. बटणांना कुलूप लावल्यावरही बोलायचं बटण चालू राहतं ना? कुणी वापरून पाहिलं असेल तर सांगा.