कुत्र्याच्या मोतीबिंदूला वर्गणी मागितली, एवढा राग?

मिरजवाली: काल इथं एकांनी लिहिलं, "कुत्र्याच्या मोतीबिंदूला वर्गणी मागणाऱ्यांनी आधी आईबापाचे डोळे बघावेत." वर्गणी मीच मागितली होती. सासूबाईंचं ऑपरेशन गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यात फुकट झालं. माणसांसाठी १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम आहे. आमच्या मोत्यासाठी काय आहे? पुण्यात एका डोळ्याचे ४० हजार सांगितलेत. पूर्ण भूल, मोतीबिंदू फोडून काढायचं फेकोचं मशीन, त्याआधी डोळ्याचा पडदा चालतो का बघायला ईआरजी नावाची तपासणी, सोनोग्राफी. विमा आता काढला तरी आधीचा आजार त्यात बसत नाही. मागितलेच ना पैसे, कुणाच्या खिशात तर हात घातला नाही.

आटपाडीकर: ताई, राग मानू नका. इकडं म्हैस अडली तर रात्री डॉक्टर फोन उचलत नाही आणि तुमची कुत्र्याला भिंगं बसवायची चाललीत. कुत्रं वासावर चालतं ओ. आमच्या वस्तीवरच्या आंधळ्या कुत्र्यानं मरेपर्यंत परका माणूस आत येऊ दिला नाही.

कृष्णाकाठ: ह्यांच्या शर्यतीच्या खोंडाला बदाम, अंडी, दूध चालतं. तेव्हा म्हैस आठवत नाही वाटतं?

आटपाडीकर: आमच्या खिलार बैलांवर जायचं नाही! २०१४ ला शर्यतीवर बंदी आली तेव्हा खरसुंडीच्या बाजारात खोंडाकडं बघत नव्हतं कोण. चुलत्यानं पोरासारखी वाढवलेली जोडी मातीमोल विकली. खिलार टिकलं ते शर्यतीमुळंच.

कृष्णाकाठ: शेपटी चावून पळवलेला बैल टिकला म्हणायचा? २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीचा कायदा मान्य केला तो नियमांसकट. नियम वाचलेत का कधी मैदानावर कुणी?

आटपाडीकर: वाचलेत. फ्लॅटात बसून बैल कळत नाही.

कृष्णाकाठ: माझा जन्म गोठ्यातला आहे, काका. आवाज खाली.

औंधकर: बैलांचा दुसरा धागा काढा की राव. ताई, आमच्या लॅब्राडॉरला साखर निघाली आणि काही महिन्यांत दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे. "म्हातारं झालंय, असू दे" म्हणत आम्ही थांबलो. आत सूज आली, मग काचबिंदू, मग एक डोळा काढावाच लागला. तेव्हा "वासावर चालतं" हे अर्धंच खरं. वासानं वाट सापडते, ठणका थांबत नाही. म्हातारपणीची प्रत्येक निळसर झाक मात्र मोतीबिंदू नसते, त्यात बऱ्यापैकी दिसतं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी दाखवा. साखर तपासा. थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवा. ऑपरेशननंतरचे थेंब मात्र महिनोन्‌महिने, सुरुवातीला दिवसातून चार-चार वेळा, आणि डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू. घरी माणूस नसेल तर ४० हजार पाण्यात.

मिरजवाली: घरी मी आहे. साखर नाही निघाली. शिरवळचं डोक्यात नव्हतं, सोमवारी फोन करते. पडदा गेलेला निघाला तर ज्याचे त्याचे पैसे परत.

आटपाडीकर: ठणकत असंल तर गोष्ट वेगळी. ५०० टाकलेत. परत नकोत. म्हशीच्या डॉक्टरचं मात्र कुणी बोललं नाही.

कृष्णाकाठ: ५०० म्हणजे खोंडाचा एका दिवसाचा बदाम. तरी आभार.

आटपाडीकर: पुढच्या मैदानाला या, खोंडाचा खुराक दाखवतो. येताना नियमांचा कागद पण आणा.